एका बोटाला पाच मिनिटे

मित्रांनो, ज्या शहराची गल्ली न् गल्ली मला तोंडपाठ आहे, ते शहर मी आयुष्यात फक्त एका दुपारी पाहिले. नवल वाटले ना? पण भिंतीवर टांगलेल्या नकाशाच्या नशिबी हेच असते. सगळे शहर पोटात, आणि डोळ्यांसमोर मात्र जन्मभर समोरची भिंत, छत्र्यांचा स्टँड आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे. होय, मी एक जुना नकाशा आहे. त्या एका दुपारची गोष्ट सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की जन्म, बालपण वगैरे भरभर उरकणार आहे. पण मूळच सांगितले नाही तर आख्यान अधांतरी राहील, म्हणून थोडे चित्त द्या.

मोजणीदारांनी साखळ्या ओढत सगळे जुने शहर पायाखाली घातले. एका चष्मेवाल्या आरेखकाने दोन वर्षे मान मोडून माझ्या गल्ल्या काढल्या. छापखान्यात मला चार रंग चढले, आणि शेवटी एका बुकबाइंडरने माझ्या पाठीला जाड कापड चिकटवून वरखाली दोन लाकडी दांड्या ठोकल्या. छापताना निळा रंग केसभर सरकला, म्हणून माझ्यातली नदी एका काठावरून बाहेर सांडल्यासारखी दिसते. छापखान्याचा फोरमन म्हणाला होता, असू दे, पूर आलाय असं समजतील. त्या माणसाच्या विनोदाचा डाग मी अजून अंगावर वागवतो आहे.

तिथून मी आलो तो स्टेशनजवळच्या एका सहा खोल्यांच्या लॉजमध्ये. मालकिणीला सगळे नुसते बाई म्हणत. ठेंगणी मूर्ती, चटपटीत चाल, आणि जिभेला हाड नसते हे देवाने बाईंकडे बघूनच ठरवले असावे. सकाळी देवाचे नाव घेऊन त्या दार उघडायच्या. दारात येणारा उतारू देवाने आपल्याकडे पाठवला आहे, तेव्हा त्याला शहर नीट दाखवून परत पाठवायचे, अशी त्यांची पक्की समजूत होती. बरेच उतारू दोन गाड्यांच्या मध्ये चार-पाच तासांसाठीच यायचे. सामान टाकायचे आणि विचारायचे, एवढ्या वेळात काय बघून होईल?

मग बाई माझ्यापुढे उभ्या राहायच्या, आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याचे कारण सांगतो. लॉज सुरू केले त्या वर्षी बाई आणि त्यांचे यजमान हातात घड्याळ घेऊन सगळे जुने शहर पायी फिरले होते. तेव्हा बाईंच्या ध्यानात आले की उजव्या हाताची तर्जनी माझ्यावरच्या रस्त्यावर लांब टेकवली, टोकापासून मुळापर्यंत, की ती बरोबर पाच मिनिटांची चाल होते. झाले. पट्टी नको, कागद नको. 'एका बोटाला पाच मिनिटं' हे बाईंचे ब्रीद झाले. बोट टेकवायचे, टोकाशी खूण धरायची, पुन्हा टेकवायचे. वेस दोन बोटे, तिथून ग्रंथालय तीन बोटे. म्हातारे माणूस असेल तर बोटाला आठ मिनिटे. कडेवर मूल असेल तर सात. नवे लग्न झालेले जोडपे असेल तर बाई मोजणेच सोडून द्यायच्या. म्हणायच्या, तुम्ही गाडी चुकणारच आहात, उद्याची बघा.

बाईंचा बेत कधी चुकला नाही. लोक परत येऊन माझ्यासमोर उभे राहत आणि म्हणत, काय अचूक नकाशा आहे हो. मी मनातून फुगायचो. लॉजच्या जागेवर माझ्यावर एक लाल टिंब होते, ते तर हजारो बोटे लागून केव्हाच पुसून गेले. तिथे आता नुसते गोल पांढरे टक्कल आहे.

यजमान देवाघरी गेले. पुढे काही वर्षांनी त्यांचा धाकटा भाऊ लॉजवर राहायला आला. तीस वर्षे लांब पल्ल्याचा ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस. बाईंचे भावजी. सहा फूट उंची, हात म्हणजे फावडी, मन लोण्यासारखे आणि उत्साह असा की कुणी पाणी मागितले तर विहीर दाखवायला नेतील. भावजींना माझ्यावर बोट फिरवायची फार हौस, पण वहिनी काही हात लावू देत नव्हत्या. तुम्हाला हमरस्ता कळतो, शहर नाही, असे त्या तोंडावर म्हणायच्या. भावजी म्हणायचे, वहिनी, रस्ता तो रस्ता. बाई म्हणायच्या, हो का, मग काल दूध आणायला गेलात तेव्हा हरवलात कसे?

इथवर झाला पूर्वरंग. आता त्या दिवसावर येतो.

बाईंची दाढ आठवडाभर ठणकत होती. त्या दिवशी सकाळी त्या दाढ काढून घ्यायला गेल्या आणि लॉज भावजींवर सोपवून गेल्या. अकरा वाजता एक बाप-लेक आले. लेक नर्स होती. चाळिशीची, बोलणे मोजके, खांद्याला औषधांची पिशवी. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पाथरवट. म्हणजे दगड घडवणारे कारागीर. एक गुडघा आखडलेला, पण बोटे अजून खडबडीत आणि ताठ. लेक त्यांना कायमचे आपल्या घरी, दूर समुद्राकाठी घेऊन चालली होती. पुढची गाडी पाच दहाची.

लेकीने भावजींना जे सांगितले ते मी कान देऊन ऐकले. चाळीस वर्षांपूर्वी घड्याळाच्या मनोऱ्याची आणि त्याच्या समोरच्या इमारतीची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा हे पाथरवट आजोबा त्या कामावर होते. त्या इमारतीच्या छपराखाली दगडी पारव्यांची एक रांग आहे, बत्तीस पारवे. त्यातला एक फुटून गेला होता. त्याच्या जागी नवा पारवा आजोबांनी घडवला. पण तो वर बसवायच्या आदल्या दिवशी त्यांना दुसऱ्या गावी कामावर धाडले, आणि मग पोट, संसार, आजारपण; येणे झालेच नाही. आपल्या हातचा पारवा त्यांनी जागेवर बसलेला कधी पाहिला नव्हता. तो रस्त्यावरून दिसत नाही. मनोऱ्याच्या मधल्या सज्ज्यावरूनच दिसतो, आणि सज्ज्याचा दरवाजा दुपारी दोनला बंद होतो.

"एवढं एक झालं तरी पुरे," लेक म्हणाली. "बाबा पुन्हा इकडे यायचे नाहीत."

मित्रांनो, किती सोपा बेत होता. सरळ मनोरा गाठायचा, आजोबांना पारवा दाखवायचा, आणि मग वेळ उरलाच तर बाकी शहर. पण भावजींच्या अंगात उत्साह संचारला होता. एवढ्या लांबून आलात आणि नुसता मनोरा? छे, आमच्या शहराची बेअब्रू होईल. वेस बघा, तिच्या कमानीत हाक मारली की आवाज परत येतो. ग्रंथालयाच्या चौकात तर पाय ठेवलाच पाहिजे. जुना पूल बघा, तिथेच जेवून घ्या. मनोरा परतीच्या वाटेवर आहे, तो शेवटी ठेवू, म्हणजे सगळ्यात गोड घास शेवटी. आजोबांचे डोळेही चमकले. खरे सांगू, मीही चेकाळलो होतो. इतका भरगच्च बेत माझ्यावर कित्येक दिवसांत आखला गेला नव्हता.

भावजींनी बाह्या सरसावल्या, बाईंसारखेच एक पाऊल मागे जाऊन माझ्याकडे बघितले आणि तर्जनी टेकवली.

ते बोट होते की वल्हे? बाईंची दीड बोटे त्या एका बोटात मावली असती. वेशीपर्यंत बाईंची दोन बोटे होतात, भावजींचे एक होऊन थोडे उरले. मनोऱ्यापर्यंत बाईंची नऊ झाली असती. भावजींची सहाच झाली. सहा पंचे तीस, भावजी खुशीत म्हणाले, अर्ध्या तासाचीच तर चाल आहे, बाकी वेळ निवांत बघायला. त्यांनी चिठ्ठी लिहिली. निघणे साडेअकरा, मनोरा दीड. आखडलेल्या गुडघ्याला बोटाला आठ मिनिटे द्यायची असतात, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मी मनात मोजले. हे दोघे मनोऱ्याशी पोचणार सव्वादोनला. मी ओरडत होतो, पण नकाशाचे ओरडणे कुणाला ऐकू येते? फार तर दांडी भिंतीवर जराशी वाजते. भावजी म्हणाले, वारा सुटलाय वाटतं.

बाप-लेक चिठ्ठी घेऊन निघून गेले.

साडेबाराला बाई परतल्या. गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, आणि दोन तास बोलायचे नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. भावजींनी तेवढ्यात मोठ्या अभिमानाने सगळी हकिकत सांगितली, पारव्यासकट, आणि चिठ्ठीची नक्कलही दाखवली. बाईंनी ती वाचली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्या माझ्यापाशी आल्या, बोट टेकवत गेल्या आणि मनोऱ्याशी थांबून त्यांनी नऊ बोटे वर केली. भावजींनी समजूतदारपणे सहा केली. बाईंनी नऊ. भावजींनी सहा. असा मुक्या खुणांचा बाजार थोडा वेळ चालला. मग बाईंनी भावजींचा हात धरला, त्यांची तर्जनी माझ्यावर चेपून ठेवली आणि तिच्या शेजारी आपली तर्जनी ठेवली.

भावजी बघतच राहिले. एक बोट संपले होते आणि दुसरे अजून चाललेच होते. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या सांडलेल्या नदीचा विसर पडला.

"वहिनी," ते म्हणाले, "मी त्या म्हाताऱ्याचा घात केला."

बाईंनी मान हलवली नाही, की डोळे वटारले नाहीत. त्यांनी स्टूल ओढले, वर चढल्या, आणि मित्रांनो, त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले. गुंडाळून काखेत मारले. बोलता येत नव्हते, भावजींना शहरातल्या वाटा ठाऊक नव्हत्या, आणि एकट्याने धावून म्हाताऱ्या माणसाला सांभाळणे बाईंना जमणार नव्हते. तेव्हा बाईंची जीभ आता मी होतो. दार उघडले, आणि मी बाहेर पडलो.

कसे सांगू तुम्हाला? एखाद्याला साऱ्या ओव्या पाठ असाव्यात, पण त्याने गाणे कधी ऐकलेले नसावे, आणि अचानक ते शंभर गळ्यांतून कानावर पडावे, तसे माझे झाले. माझ्यात जी दोन काळ्या रेघांमधली फट होती, तिथे खरोखर एक गल्ली होती. तिला ओल्या दगडाचा वास होता. कुणी खिडकीतून गादी झटकत होते, कुणी सायकल उलटी करून साखळी बसवत होते. दर वळणाला बाई थांबत, मला भावजींच्या पाठीवर उलगडत, मला बघून दिशा पक्की करत आणि भावजींचा खांदा धरून त्यांना तिकडे ढकलत. भावजी म्हणाले, तीस वर्षं ट्रक हाकला, आज वहिनी मला हाकतायत. कापसाआडून बाईंना हसू आले, आणि ते दुखलेही.

ग्रंथालयाच्या चौकात बाप-लेक सापडले. एक वाजायला आला होता. आजोबा पायरीवर बसून गुडघा चोळत होते. लेक चिठ्ठी आणि घड्याळ आळीपाळीने बघत होती. भावजींनी हात जोडून चूक सांगितली. ती ऐकून लेकीने चिठ्ठीची घडी घातली आणि ती भावजींच्या हातात परत दिली. आजोबा मात्र उठून उभे राहिले. पूल राहू दे, जेवण राहू दे, चला म्हणाले.

ग्रंथालय ते मनोरा माझ्यात सरळ तीन बोटे. मला आता कोण अभिमान चढला होता. पण तिसऱ्या वळणावर बघतो तो काय, माझ्यात मोकळी असलेली गल्ली खणून ठेवलेली. पाण्याचा नवा नळ टाकत होते. मला काय ठाऊक? मी चाळीस वर्षांपूर्वीचा. जगाला वाट दाखवणाऱ्या माझी मान खाली गेली. बाईंनी मला पुन्हा उलगडले, शेजारची वाट शोधली. दोन बोटांचा वळसा. मध्ये दोनदा आजोबांना टेकावे लागले. भावजींनी पाठीवर घेतो म्हणून विनवले. आजोबा म्हणाले, कामावर मी माझ्या पायांनी जायचो.

दोनला पाच कमी असताना आम्ही मनोऱ्याखाली पोचलो. दारवान कडी लावत होता. आता चढायला नको म्हणाला, वर जाऊन यायला वीस मिनिटं लागतात, मला घरी जायचंय. भावजी गयावया करू लागले, लेक समजावू लागली. तेव्हा बाईंनी तोंडातला बोळा काढून रुमालात घेतला. डॉक्टरांची ताकीद मोडली.

"दार दोनला बंद होतं ना?" त्या सुजल्या गालाने म्हणाल्या. "मग ही पाच मिनिटं अजून तुमची नाहीत, आमची आहेत."

दारवानाने घड्याळ बघितले. बाईंकडे बघितले. मग कडी काढली आणि स्वतःच आजोबांच्या दुसऱ्या बगलेत हात घातला. देव कुणाच्या रूपाने धावतो ते आधी सांगता येत नाही.

एक्केचाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर आजोबांचा श्वास माझ्या कापडाला लागत होता, कारण बाई मला घेऊन त्यांच्या एक पायरी पुढे होत्या. आणि मग सज्जा. उजेड. वारा. खाली सगळे शहर.

मित्रांनो, ते मीच होतो. माझी वेस, माझा पूल, माझे चौक, सगळे जागच्या जागी. फक्त त्याला छपरे होती, दोरीवर वाळणारे कपडे होते, माणसे होती. आणि नदी आपल्या दोन्ही काठांच्या आत शहाण्यासारखी वाहत होती. मी हरखून गेलो. पण त्या क्षणी माझ्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते, आणि ते बरोबरच होते.

समोर छपराखाली पारव्यांची रांग होती. आजोबांनी कठडा धरला. डावीकडून उजवीकडे एकेक पारवा बघत गेले. मग उजवीकडून डावीकडे.

"बाबा, कुठला?" लेकीने विचारले.

आजोबा पुन्हा पहिल्यापासून बघू लागले. बत्तीसही पारवे सारखेच. सारखेच काळवंडलेले, सगळ्यांच्या पाठीवर तसलेच शेवाळ, सगळ्यांची चोच तशीच झिजलेली.

"कळत नाही," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा पडला. भावजींनी तर तोंड फिरवले. एवढी धावाधाव, आणि शेवटी हे? पण आजोबांकडे बघतो तो त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते हसत होते.

"अगं, माझा कुठला ते मलाच कळत नाही," ते लेकीला म्हणाले. "म्हणजे काम जमलं की गं. दुरुस्ती ओळखू आली तर ती कसली दुरुस्ती?"

मग त्यांनी बत्तीसही पारव्यांना एकदा हात जोडले. त्यातला एक त्यांचा होता. तो सुटायला नको म्हणून सगळ्यांनाच.

स्टेशनची जवळची वाट दाखवायला बाईंनी मला कठड्यावर पसरले, आणि वाऱ्याने डाव साधला. खालचा कोपरा टर्रकन फाटला. मी उडालोच असतो, पण आजोबांनी झडप घालून मला धरले. दगड पेलणारी ती बोटे माझ्यावर इतकी हलकी पडली की काय सांगू. लेकीने पिशवीतून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, माझा फाटका कोपरा जुळवला आणि पट्टी लावली. "दोन दिवस पाणी लागू देऊ नका," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. पाच दहाची गाडी त्यांना मिळाली. भावजी फलाटावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते, असे बाई मला पुन्हा खिळ्यावर अडकवत असताना त्यांच्या बोलण्यातून कळले.

त्यानंतर लॉजचा रिवाज बदलला. बोट टेकवण्याआधी बाई आणि भावजी दोघेही उतारूला विचारू लागले, तुमच्या मनातलं ठिकाण कुठलं? ते पहिले. बाकी शहर उरल्या वेळात. भावजींनी स्वतः घड्याळ घेऊन शहर पालथे घातले आणि ठरवले की त्यांच्या बोटाला साडेसात मिनिटे. ते त्यांनी माझ्या दांडीवर पेन्सिलीने लिहूनही ठेवले.

आता दिवस बदलले. उतारू आपापल्या फोनमध्ये वाट बघतात, आणि मला जिन्याखाली हलवले आहे. माझी तक्रार नाही. फोनला खणलेली गल्लीही ठाऊक असते, मला नव्हती. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा जुना कागद असेल तर त्याला ओल लागू देऊ नका, त्याच्या घड्या जिथे आहेत तिथेच घाला, आणि अधूनमधून त्याला उलगडून बोट फिरवा. कुणा पाहुण्यासाठी बेत आखाल तर आधी त्याला विचारा, आणि त्याच्या गुडघ्यांनी मोजा, आपल्या उत्साहाने नको.

आणि एक मागणे माझ्यासाठी. परवा कुणीतरी मला बघून म्हणाले, नकाशा चांगला आहे, फक्त कोपऱ्यातली ती पिवळी पडलेली पट्टी काढून जरा न दिसेल असे नीट चिकटवा. नका हो काढू. पाथरवटाची दुरुस्ती दिसू नये, हे खरे. पण माझी दिसू द्या. मी शहर पाहून आलो आहे, त्याची माझ्याकडे तेवढी एकच खूण आहे.